सतरा इंचांची खुर्ची

आमच्या इंदिरानगरच्या घरात, हॉलमध्ये, टीव्हीच्या समोर चार महिने विमानाची खुर्ची होती. खरी नव्हे, प्लायवूडची. मापं अण्णांची, खिळे माझे. घरी कुणी आलं आणि हे काय म्हणून विचारलं की मी म्हणायची, "विमान आहे. बसा, पट्टा लावते." असले विनोद मला तेव्हा सुचत होते. आता ती खुर्ची आठवायलाही नको वाटते, आणि तरी सांगायला बसले की सुरुवात त्या विनोदापासूनच होते. त्याला मी काय करू?

अण्णा म्हणजे माझे वडील. उंची सहा फूट चार इंच आणि वजन त्या उंचीला पुरून उरेल एवढं. आजोबांपासून आम्ही बंगलोरचे, त्यामुळे घरात मराठी, दारात कन्नड. अण्णा तीस वर्षं विमानाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. लढाऊ विमानाचा पंख जोडताना तो जागच्या जागी धरून ठेवायला लोखंडी सांगाडा लागतो, तो आखायचं त्यांचं काम. पंखातला एकेक रिव्हेट त्यांना पाठ होता. पण प्रवासी विमानात ते जन्मात चढले नव्हते. रजेचा प्रवास आमचा आगगाडीचा. अण्णा बर्थवर आडवे झाले की पावलं बाहेर पॅसेजमध्ये यायची आणि येणारे-जाणारे त्या पावलांना धडकून "सॉरी" म्हणायचे.

कारखान्यात त्यांना सगळे 'आने' म्हणत. आने म्हणजे कन्नडमध्ये हत्ती. त्याचा त्यांना राग नव्हता, उलट निरोपसमारंभात त्यांनी स्वतःच सोंडेसारखा हात हलवून दाखवला होता. भीती वाटायची ती खुर्च्यांची. तेव्हा लग्नाच्या हॉलांमधून पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या नव्याने आल्या होत्या. मावसभावाच्या लग्नात अण्णा ताट घेऊन तसल्या एका खुर्चीत बसले आणि तिचे चारही पाय चार दिशांना गेले. आधी लोक हसले, मग उचलायला धावले. हा क्रम अण्णांच्या लक्षात राहिला. त्यानंतर कुठल्याही लग्नात ते उभेच. "ऑफिसात बसून बसून कंटाळलोय हो," असं म्हणायचे.

अक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. लग्न होऊन अमेरिकेत गेली, तिथल्या एका थंड गावात तिचा संसार, चार वर्षांची मुलगी. अक्का अण्णांची लाडकी, आणि मी हे चिडून म्हणत नाही, होतीच लाडकी. लहानपणी रविवारी दुपारी अण्णा चटईवर पसरले की ती त्यांच्या पोटावर डोकं ठेवून झोपायची. पोट वर-खाली व्हायचं तशी तिची वेणी वर-खाली. मी जागा मागितली की म्हणायची, "तू पायाशी झोप, पाय पण मोठे आहेत."

त्या वर्षी संक्रांतीच्या आसपास तिचा कॅन्सर कळला. आई आठवड्याभरात गेली. आई एवढीशी, पाच फूटसुद्धा नाही, विमानाच्या खुर्चीत मांडी घालून बसली म्हणे. व्हिसा आम्हा तिघांचाही झाला होता, हॉस्पिटलचं पत्र होतं म्हणून. घरी राहिलो अण्णा आणि मी. दर रविवारी सकाळी अक्काचा फोन यायचा. पहिल्याच रविवारी तिने अण्णांना सांगितलं, "अण्णा, तुम्ही या ना. मला काही नको, फक्त एकदा तुमच्या पोटावर डोकं ठेवून झोपायचंय."

अण्णा "येतो गं, येतो" म्हणाले आणि फोन ठेवला.

मग आमची शोधाशोध सुरू झाली. एम. जी. रोडजवळच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. टेबलामागच्या माणसाने अण्णांकडे पाहायला मान वर केली, आणखी वर केली, आणि मग विचारलं, "सरच जाणार आहेत?" माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "नाही, मी जाणार, ते सामान आहेत." अण्णांनी माझा दंड दाबला. माणूस वाईट नव्हता. त्याने नीट सांगितलं: पट्टा पुरत नसेल तर जोडपट्टा मिळतो, मागितला की देतात. पण खुर्चीत शिरता आलं पाहिजे. नाही शिरता आलं तर उतरवू शकतात. मुंबईत उतरवलं तर घरी परत याल. युरोपात विमान बदलताना उतरवलं तर काय कराल, ते बघा.

झालं. ते युरोपातलं उतरवणं अण्णांच्या डोक्यात जाऊन बसलं. लग्नंकार्यं उभं राहून काढलेला माणूस, त्याला वाटायला लागलं की परक्या देशात, सगळ्यांच्या समोर, आपल्याला खुर्चीत कोंबून बघतील आणि मग हात धरून खाली आणतील. आणि लोक आधी हसतील.

महागडी रुंद खुर्ची होतीच, पुढच्या भागातली. तिची किंमत ऐकून मी त्या माणसाला पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला. अण्णा रस्त्यावर आल्यावर शांतपणे म्हणाले, "सर्जापूर रोडची साईट काढू या."

आमच्या बंगलोरात प्लॉटला साईट म्हणतात. सर्जापूर रोडला तेव्हा निलगिरीची झाडं आणि धूळ, दुसरं काही नव्हतं. आज तिथे काचेचे टॉवर आहेत, भाव सांगायची गरज नाही. निवृत्तीच्या पैशातून घेतलेला तो एकच तुकडा होता आमच्याकडे. दोन दिवसांत अण्णांनी गिऱ्हाईकही शोधलं. तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. भर दुपारी, जेवताना, मी म्हटलं, "अण्णा, वीस तास बूड टेकायला तुम्ही साईट विकणार? आईच्या म्हातारपणाचं काय? त्यापेक्षा तोंडावर ताबा ठेवा, चार महिन्यांत वजन उतरेल, साध्या खुर्चीतून जाल. अक्का काही पळून जात नाहीये."

अक्का काही पळून जात नाहीये. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

खरं म्हणजे तेव्हा डॉक्टरांनीही वर्ष-दीड वर्ष सांगितलं होतं. अक्कानेही फोनवर मलाच साथ दिली, "साईट विकली तर मी बोलणार नाही तुमच्याशी. सावकाश या. उपचार चालू आहेत." हे सगळं खरं आहे, आणि मी ते स्वतःला हजारदा सांगितलं आहे. अण्णांनी ताटातला भात बाजूला सारला. तो दिवस आणि पुढचे चार महिने, त्यांनी भाताला हात लावला नाही.

गुडघ्यांचा प्रश्न विमान कंपनीच्या ऑफिसातल्या एका बाईंनी सोडवला. त्या म्हणाल्या, पहिली रांग मागा, पुढे भिंत असते, पाय लांब करता येतात. उंच माणसांना आम्ही तीच देतो, लवकर पोचलात तर नक्की. अण्णा खूश झाले. आता फक्त रुंदी राहिली. पण अण्णा पडले ड्रॉइंग ऑफिसचे, अंदाजावर ते शर्टाचं बटणसुद्धा लावायचे नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक गृहस्थ विमानतळावर देखभाल खात्यात होता. अण्णांनी त्याला सांगितलं, पहिल्या रांगेची मापं आण. तो बिचारा टेप घेऊन उभ्या विमानात गेला आणि संध्याकाळी चिठ्ठी घेऊन आला. व्यवस्थित अक्षरात लिहिलं होतं: पहिली रांग. खुर्चीच्या दोन हातांमधली रुंदी सतरा इंच. समोरची भिंत लांब, गुडघ्यांची चिंता नको. जेवणाचा ट्रे हाताच्या आत दुमडलेला. हात पक्के.

अण्णांची बसल्यावरची रुंदी आम्ही भिंतीशी दोन फळ्या लावून मोजली. साडेएकोणीस.

"मग दोन तिकिटं शेजारशेजारची काढली तर?" मी म्हटलं.

अण्णा हसले. "आणि मधल्या हाताचं काय करू? त्याच्यावर बसू?"

मीही हसले. त्यांच्या त्या फाटक्या गंजीफ्रॉकमध्ये, मधल्या हातावर बसलेले अण्णा मला दिसले आणि हसू आवरेना. दोघं किती वेळ हसत होतो आम्ही.

मग खुर्ची झाली. अण्णांनी आधी कागदावर आखली, तीन बाजूंनी, खाली सही आणि तारखेसकट. यशवंतपूरहून प्लायवूड आणलं. बसायची फळी, पाठ, दोन्ही हात, समोर भिंतीच्या जागी कपाट. पट्टा म्हणून माझ्या जुन्या बॅगेचा बंद. डावा हात जरा हलत होता. अण्णा म्हणाले, "चिठ्ठीत पक्के लिहिलंय, पक्के पाहिजेत." मी चार-चार इंची खिळे घेतले आणि दोन्ही हातांना असे ठोकले की शेजारच्या मामी कंपाउंडवरून ओरडल्या, "एनु, काय हो, घर पाडताय का?"

पहिल्या दिवशी अण्णा त्या खुर्चीत शिरलेच नाहीत. फळीच्या कडेवर टेकले आणि खुर्चीच्या दोन हातांवर तरंगत राहिले. "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून चालायला लागले.

घरचा काटा एकशेवीसपर्यंतच होता, त्याच्यापुढे काटा नुसता कापायचा. म्हणून दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी आम्ही यशवंतपूरच्या घाऊक बाजारात जायचो. तिथे कांद्याच्या पोत्यांचा काटा होता. नगरहून कांदा आणणारे एक व्यापारी अण्णांच्या ओळखीचे. हमालांनी पोती उतरवली की अण्णा चप्पल काढून, देवळात चढावं तसे त्या काट्यावर चढायचे. पहिल्यांदा एकशे अडतीस. मग एकशे चौतीस. काट्यावरचा म्हातारा हमाल दर खेपेला वाकून बघायचा आणि अण्णांना उभारी द्यायचा, "स्वल्प कम्मी, अण्णा, स्वल्प कम्मी." थोडं कमी झालंय. अण्णा त्याला हात जोडायचे आणि आम्ही बसने परत यायचो. वाटेत दोशाचा वास यायचा त्या कोपऱ्यावर अण्णा खिडकीतून दुसरीकडे बघायचे.

काय काय सोडलं त्या माणसाने! भात सोडला, दोसा सोडला, साखर सोडली. नाचणीचा एक गोळा आणि ताक. आंबे आले तेव्हा मी हट्टाने एक फोड पुढे केली, तर म्हणाले, "अक्काकडे जाऊन खाऊ. तिथे मिळत असतील ना गं?" संध्याकाळी सहा वाजले की खुर्चीची तालीम. आधी कडेवर, मग अर्धे आत, मग कण्हत पुरे आत. पहिल्यांदा दहा मिनिटं, मग अर्धा तास. मी त्यांना ट्रेमध्ये जेवण द्यायची, वाटीवर झाकण घालून, आणि विमानातल्या बाईसारखं विचारायची, "सर, ताक की पाणी?" ते म्हणायचे, "मॅडम, थोडं तूप मिळेल का?" मी म्हणायची, "नाही. कॅप्टनची परवानगी नाही."

रविवारी अक्का विचारायची, "किती राहिलं?" आणि अण्णा इंचात उत्तर द्यायचे. दीड. सव्वा. एक. तिचा आवाज एकेका रविवारी बारीक होत होता, ते मला ऐकू येत होतं. अण्णांनाही येत असणार. पण आम्ही ते एकमेकांना सांगितलं नाही. एकदा ती मला म्हणाली, "त्यांना फार बारीक करू नकोस गं. मला ते पोट हवंय."

"ठेवते तुझ्यापुरतं," मी म्हटलं.

मेच्या शेवटी अण्णा म्हणाले, "हत्ती गेला, शेपूट राहिलं." अर्धा इंच उरला होता. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी ते आत गेले, पूर्ण पाठ टेकली, पट्टा लावला, आणि चार तास बसले. दोन्ही बाजूंनी मांस दाबलं गेलं होतं, उठल्यावर मांड्यांवर लाल पट्टे होते, पण बसले. मी टाळ्या वाजवल्या. मामी कंपाउंडवरून "सरी, सरी, छान झालं, आता जा लवकर" म्हणाल्या. दुसऱ्याच दिवशी मी जाऊन दोघांची तिकिटं काढली. पंधरा दिवसांनंतरची मिळाली. रविवारी अण्णांनी अक्काला तारीख सांगितली. ती म्हणाली, "बरं." इतकंच. मग म्हणाली, "अण्णा, खुर्चीत बसताना स्वेटर नका घालू, जाडी वाढते." आणि हसली.

गुरुवारी सकाळी फोन वाजला. गुरुवारी. मी उचलला. भावोजी होते. ते माझं नाव घेऊन थांबले, आणि त्या थांबण्यातच मला कळलं. मी काय ओरडले मला माहीत नाही. अण्णा तेव्हा खुर्चीत बसून पेपर वाचत होते. आता सकाळीसुद्धा बसायचे, सवय राहावी म्हणून. माझा आवाज ऐकून ते उठले, आणि खुर्ची त्यांच्याबरोबर उठली.

तसेच आले माझ्याकडे. कमरेला खुर्ची. एका हाताने रिसीव्हर घेतला, कानाला लावला, आणि "हां. हां. कधी?" एवढंच म्हणाले. मी ती खुर्ची ओढत होते. डावा हात उपटायला गेले, तो निघेना. मीच मारलेले खिळे, निघतील कसे? मी रडत रडत त्या फळीला गुद्दे मारत होते आणि अण्णा फोनवर भावोजींना सांगत होते, "तुम्ही जेवून घ्या. मुलीला जेवू घाला." फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःच अंग आक्रसून, एका कुशीवर होऊन सुटका करून घेतली. खुर्ची खाली पडली. मग ते जमिनीवर बसले. वडिलांना मी आजवर जमिनीवर असं कोसळून बसलेलं पाहिलं नव्हतं. "दहा दिवस गं," म्हणाले. "फक्त दहा दिवस थांबायचं होतं तिने."

चार महिने थांबवलं होतं ते मी. माझ्या तोंडून तेव्हा "अण्णा, मला माफ करा" असं निघायला हवं होतं. नाही निघालं. मी कॉफी करायला आत गेले.

तिथले सगळे विधी दोन दिवसांत उरकायचे होते, आम्ही पोचू शकलो नसतो. "आता वरातीमागून घोडं कशाला?" अण्णा म्हणाले, आणि तिकिटं परत करून आले. तेराव्यानंतर त्यांनी खुर्ची उकलली. खिळे एकेक करून पकडीने काढले, हातोडीने सरळ केले आणि डब्यात ठेवले, जन्माची सवय. प्लायवूड माळ्यावर गेलं. भात मात्र परत आला नाही. आता कुणी सांगत नव्हतं, तरी ते खात नव्हते. मी तूप वाढलं तर वाटी सरकवून ठेवायचे. दिवाळीत घरच्या काट्यावर उभे राहिले तर काटा छान स्थिर राहिला. शहाऐंशी. बंगलोरातले ओळखीचे लोक त्यांना रस्त्यात बघून थांबायचे आणि काय बोलावं ते न कळून तब्येत सुधारल्याचं सांगायचे.

आई तिकडेच होती, नातीसाठी. थंडीत तिला झेपेना, तेव्हा आम्ही निघालो. बंगलोर ते मुंबई, तिथून पुढे. पहिली रांग मागायची मला आठवण झाली, पण अण्णा म्हणाले, "राहू दे गं, कुठेही दे." विसाव्या नंबरच्या पुढची कुठली तरी रांग मिळाली. अण्णा वाटेकडेच्या खुर्चीत, मी मधल्या. ते गुडघे तिरके करून बसले, पट्टा लावला, आणि उरलेला पट्टा हातभर लोंबत राहिला. मी तो त्यांच्या मांडीखाली खोचून दिला. जोडपट्टा मागायची चिठ्ठी मी जूनमध्येच लिहून पर्समध्ये ठेवली होती. ती अजून तिथेच होती.

विमान हललंही नव्हतं. वाटेच्या पलीकडच्या रांगेत एक गृहस्थ आले. उंच, आणि हे एवढे अगडबंब. अण्णा होते तसेच. बरोबर त्यांची बायको, किरकोळ. अण्णांचं लक्ष लगेच गेलं, जाणारच. मला वाटलं, आता याचं काय होणार. लोक वळून बघत होते. गृहस्थ खुर्चीपाशी उभे राहिले. बायको आत सरकली. आणि त्या माणसाने एका बोटाने, अगदी सहज, दोघांमधला खुर्चीचा हात वर उचलला. तो गेला मागे, पाठींच्या मधल्या फटीत, आणि तिथे राहिला. गृहस्थ बसले. थोडे स्वतःच्या खुर्चीत, थोडे बायकोच्या. बायकोने त्यांच्या दंडाला टेकून पुस्तक उघडलं.

विमानातली बाई पट्टे बघत चालली होती. अण्णांनी तिला थांबवलं. त्यांचं इंग्रजी ऑफिसातलं, नीट, सावकाश. त्यांनी विचारलं, हे हात सगळ्या रांगांना वर होतात का? ती हसून म्हणाली, हो सर, सगळ्या. फक्त पहिल्या रांगेत नाही, तिथे ट्रे आत असतो ना, म्हणून ते पक्के असतात.

चिठ्ठी खोटी नव्हती. त्या बिचाऱ्याने पहिली रांग मोजली, कारण आम्ही पहिली रांगच सांगितली होती. मी पाठ टेकून विमानाच्या छताकडे बघत राहिले. मला अण्णांकडे बघायचा धीर नव्हता. मग त्यांचा हात दिसला. त्यांनी आमच्या दोघांमधला खुर्चीचा हात धरला आणि वर उचलला. गेला वर. खाली आणला. आला. पुन्हा वर. कारखान्यात एखादा नवा सांधा आला की तपासायचे तसा तीन-चारदा करून बघितला.

"पाडव्यालाच गेलो असतो गं आपण," अण्णा म्हणाले.

मग मी रडले. भर विमानात, तोंडावर पदर घेऊन, लाज सोडून. जूनमध्ये जे म्हणायचं राहिलं होतं ते सगळं म्हटलं. साईट विकू दिली नाही ते, बूड टेकायला म्हणाले ते, खिळे ठोकले ते. अण्णांनी ऐकून घेतलं. तुझी चूक असंही म्हणाले नाहीत, तुझी चूक नाही असंही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "मलाही हसू आलं होतं. तू दोन तिकिटं म्हणालीस तेव्हा, मधल्या हातावर बसायचं म्हणून."

तो हात त्यांनी मुंबईपर्यंत खाली घेतला नाही. मुंबईहून पुढच्या विमानातही बसल्याबरोबर आधी तो उचलला. त्यांच्या कमरेपासून माझ्यापर्यंत चांगली वीतभर जागा मोकळी राहिली होती. पहाटे कधीतरी मला झोप आली तेव्हा मी त्या जागेवर सरकले आणि त्यांच्या पोटावर डोकं ठेवलं. पोट उरलंच नव्हतं. बरगड्या लागत होत्या.